फरदडीची मिशी

साल २००६. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताला काम नव्हतं.

त्याआधी चाळीस वर्षं नेरच्या बाजारात कोणी ‘पेंटर कोठी राह्यते?’ म्हटलं की माणसं सरळ माझ्या दुकानाकडे बोट दाखवत. नाव कोणी विचारत नसे. शाळा माझी चौथीपर्यंत, आणि चौथीसुद्धा अर्धीच. पण नेरमध्ये लोकांनी जेवढी अक्षरं वाचली असतील, त्यातली निम्मी माझ्या हातची आहेत. कृषी केंद्राची शटरं, किराण्याच्या दुकानाचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या मागचं आईवडिलांचं नाव, पोळ्याला बैलांची शिंगं, सगळं केलं. एका शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा काढला, तेव्हा गुरुजी म्हणाले, “पेंटर, यवतमाळ जिल्हा एवढा मोठा कसा झाला हो?” मी म्हटलं, “आपला हाये म्हून.” तो नकाशा अजून तसाच आहे.

मग यवतमाळला फ्लेक्सची मशीन आली. ज्या बोर्डाला मी चार दिवस घासत होतो, तो ती मशीन चहा पिऊन होईपर्यंत बाहेर टाकत असे. वरून कापसाचे ते दिवस. त्या वर्षांत कापसाचं काय झालं ते पेपरवाल्यांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी काय वेगळं लिहू? मला जे दिसलं तेवढं सांगतो. कापसाचा भाव पडला की गावात सगळ्यात आधी रंग थांबतो. माणूस तेलमीठ सोडत नाही, पण दुकानाचा बोर्ड पुढच्या वर्षावर टाकतो. आमच्याकडची जिनसुद्धा त्याच सुमारास बंद पडली. जिन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करण्याचा कारखाना. तिच्या भिंतीवर ‘धूम्रपान मना है’ हे मीच लिहिलं होतं. कारखाना बंद झाला, पण अक्षर उडालं नाही. रंग पक्का होता.

एक काम मात्र फ्लेक्सला जमत नव्हतं, ते म्हणजे गेलेल्या माणसांची चित्रं. घरातलं माणूस गेलं की फोटो शोधतात, आणि गरिबाच्या घरात फोटो सापडत नाही. सापडला तर लग्नाच्या पंगतीतला, तोंडात घास असलेला. अशा वेळी मी एक युक्ती करत असे. घरच्यांना बसवून विचारायचो, नाक कोणासारखं होतं? ते म्हणत, धाकट्या बहिणीसारखं. मग बहिणीचं नाक पाहून यायचं. कपाळ पुतण्याचं, डोळे मुलीचे. असे चार जिवंत माणसांकडून गोळा करून एक गेलेला माणूस उभा करायचा. या कामाचा मला फार गर्व होता. आजही आहे, खोटं कशाला सांगू.

दुकानात माझ्या डोक्यावर एक पाटी होती: ‘चित्राला हात लावू नये.’ ती शिस्त हबीब उस्तादांची. उस्ताद यवतमाळला सिनेमाची मोठी पोस्टरं रंगवत. मी त्यांच्याकडे सहा वर्षं डबे धुतले, मग ब्रश हातात मिळाला. ओल्या चित्राला कोणी बोट लावलं की ते ब्रशच्या दांड्यानं मारत. पण एक मोठी गोष्ट त्यांनी शिकवली. एकदा लाल रंग संपला आणि पोस्टर सकाळी लावायचं होतं. उस्तादांनी वीट फोडली, कुटली, वस्त्रगाळ केली, सरेसाच्या गोंदात कालवली आणि नटीच्या साडीला लावली. म्हणाले, “सामान नहीं है, ये बात गाहक को मत बताना. हाथ को भी मत बताना.” तेव्हापासून वीट, कोळसा, हळद, पळसाची फुलं, काजळी, जे हाताला येईल त्याचा मी रंग केला.

उस्तादांच्याही आधी आई होती. आमच्या घरी धम्म आला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आईनं भिंतीवरची लक्ष्मीची पावलं स्वतःच्या हातानं पुसली. पण सारवायला बसली की तिची बोटं काही रिकामी राहात नव्हती. मग ती पांढऱ्या मातीत बोटं बुडवून पिंपळाची पानं काढू लागली. आख्खी भिंत पानांची. लहानपणी मी त्या पानांवरून बोट फिरवत शाळेला जायचो. उस्तादांकडे गेल्यावर हे सगळं विसरलो. सुशिक्षित माणसं शिकून विसरतात म्हणतात, मी न शिकता विसरलो.

आता कौसाबाईची गोष्ट.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारी एक म्हातारी भिंत चाचपत दुकानात आली. तीस वर्षं ती जिनमध्ये रेजा होती, म्हणजे कापूस निवडणारी मजूर. डोळ्याला काचबिंदू झालेला. एक डोळा गेला होता, दुसऱ्यात थोडा उजेड शिल्लक होता.

“पेंटर भाऊ हाये का?”

“हाये. बसा बाई.”

“बसाले नाही आली. आमच्या बुढ्याचं चित्र काढून पाह्यजे.”

“फोटो आणा.”

“फोटो असता तं तुह्याकडे कायले आली असती? फ्लेक्सवाल्याकडे नसती गेली?”

हे मला झोंबलं. पण तिनं कमरेची पिशवी सोडून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक फोटो काढला. जिनच्या मोसमाच्या पूजेचा. चाळीसेक माणसं उभी. “तिसऱ्या रांगेत, डाव्या हाताकून दुसरा. देवराव.” पाहिलं, तर नाकातोंडाला फडकं बांधलेला माणूस.

“याचे तं नुसते डोळे दिसून राह्यले.”

“रुई नाकात जाते न भाऊ. जिनमधल्या मानसाचा फोटो असाच निंगते.”

देवराव जाऊन चौदा वर्षं झाली होती. मी जरा तोडूनच बोललो, “अन् तुमाले तं दिसत नाही. चित्र काय करसान?”

ती रागावली नाही. म्हणाली, “हातानं पाहीन. नजर गेली तसं त्याचं तोंडही जाऊन राह्यलं माह्या डोक्यातून. आवाज हाये, चाल हाये, खोकला बी हाये. तोंड नाही. रोज सकाळी उठून आठोते, रोज थोडं कमी येते. पुरं जायच्या आत करून दे. नाहीतं मंग तू काहीबी करशील अन् मी हो म्हणीन. मले तसं नोको.”

“चित्राले हात लावत नसतात, बाई.”

“मंग लावता येईन असं कर.”

आणि भिंत चाचपत निघून गेली. आमचं घर दुकानाच्या मागेच. आतून सुमननं, माझ्या बायकोनं, सगळं ऐकलं होतं. चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाली, “महिनाभर माशा मारून राह्यले, अन् काम आलं तं भाव खाऊन राह्यले.”

मी कामाला लागलो. हात लावता येईल असं चित्र म्हणजे उठाव पाहिजे. प्लायवूड घेतलं, त्यावर बारदाना चिकटवला, म्हणजे पोत्याचं कापड, माती धरून ठेवायला. गालाला भर द्यायला माझ्या डोक्यात सरकीची ढेप आली. ढेप मऊ असते, भिजवली की पिठासारखी मळता येते. तोंडाचा आकार सुंदर आला आणि मी तो अंगणात उन्हात ठेवून जेवायला बसलो. परत आलो तर शेजारची बकरी देवरावचा डावा गाल खाऊन उजव्यावर आली होती. अख्खं आयुष्य वऱ्हाडात काढलेल्या माणसानं जनावराच्या खाद्याचं तोंड करून अंगणात ठेवावं! सुमन पदर तोंडाला लावून हसत होती. मग तिनंच सांगितलं, “काळी माती घ्या, गव्हांडा घाला, अन् चिचोक्याची खळ. माह्या मायच्या कोठ्या अशाच होत्या. उंदीर बी तोंड लावत नव्हता.” गव्हांडा म्हणजे गव्हाचा भुसा. मी उस्तादांचा चेला, बायकोच्या माहेरच्या धान्याच्या कोठ्यांवरून शिकलो.

हनुवटी आणि कान दिरासारखे होते, असं कौसाबाई म्हणाली. दीर राजूरला, कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला, नाव शामराव. एस.टी.नं राजूरला गेलो. त्याला चहाच्या टपरीवर बसवून तासभर त्याच्याकडे पाहात कागदावर रेघा ओढल्या. तो सारखा म्हणत होता, “अबे, माह्या तोंडात असं काय हाये? मी तं दाढी करताना बी एवढं पाहात नाही.” येताना पिशवीभर कोळशाची भुकटी आणली, भुवयांसाठी.

आता माझी चूक सांगतो. मी कौसाबाईला सगळं विचारलं होतं, पण डोळ्यानं पाहणाऱ्या माणसानं विचारावं तसं. गोरा होता की सावळा? सावळा कसा, पावसात भिजलेल्या मातीसारखा की सुकलेल्या? त्या रंगावर मी चार दिवस घातले. गेरू, कोळसा, थोडी हळद, पळसाचं पाणी. असा रंग उतरला की मीच पाहात राहिलो. गाल घोटून घोटून गुळगुळीत केले. मिशीला एका व्यापाऱ्याकडून पांढरीशुभ्र रुई आणली. आणि संक्रांतीच्या आधी बोर्ड डोक्यावर घेऊन कौसाबाईच्या घरी गेलो.

तिनं हात धुतले, पुसले. दोन्ही हातांची बोटं कपाळावरून खाली आणली. गालावर थांबली.

“पेंटर भाऊ, हे सुइनीनं आताच हातात देल्लेलं लेकरू हाये का?”

“म्हणजे?”

“देवरावले देवीचे वण होते. दोन्ही गालाले.”

“मंग सांगतलं काहून नाही?”

“तू इचारलं नाही. तू रंग इचारला.” मग तिची बोटं मिशीवर गेली. तिनं चिमूट धरली, दोन अंगठ्यांमध्ये हलकेच ओढून पाहिली, जशी जिनमध्ये ओढत असेल. “अन् ही कोन्या राजाची मिशी? पयल्या वेचनीची रुई हाये ही. लांब धाग्याची. नवरदेवाच्या गादीत भरतात ही. माह्या नवऱ्याची मिशी फरदडीची होती.”

मी बोर्ड उचलला आणि घरी आलो. दुकान लावून घेतलं. सुमनशी बोललो नाही, कोणाशीच बोललो नाही. चाळीस वर्षांत माझ्या कामाला असं तोंडावर कोणी पाडलं नव्हतं, आणि पाडलं ते एका आंधळ्या बाईनं. आठ दिवस मी त्या चित्राकडे पाहात होतो. जेवढं पाहावं तेवढं ते चांगलं दिसत होतं. तोच तर त्रास होता.

नवव्या दिवशी तीच आली. सोबत पदरात काहीतरी बांधून.

“रुसला का?”

“नाही.”

“मंग डोळे मिट.”

मी मिटले. कोणी पाहत नव्हतं म्हणून मिटले. तिनं माझ्या हातावर कापसाचे तीन पुंजके एकामागून एक ठेवले. “सांग, कोनतं चांगलं?” मी चाचपडत राहिलो. मला तिन्ही सारखेच, कापूस. तिनं माझा अंगठा धरून फिरवला. हे पाहा, हे लोण्यासारखं लागते ते पयल्या वेचनीचं. हे जरा अडकते ते दुसरीचं. अन् हे, ज्याच्यात पत्तीचा कचरा टोचते, धागा ओढला की तुटते, हे कवडी, किडक्या बोंडाचं. “तीस वर्ष याच बोटांवर पोट भरलं, भाऊ. मुकादम डोळ्यानं पाहून फसत होता, मी नाही फसली.”

तेवढ्यात दारात शामराव खाकरला. राजूरहून आणवला होता तिनं, भावजयीचा निरोप म्हणून बिचारा आला होता. तिनं माझा हात धरला आणि सरळ त्याच्या तोंडावर ठेवला. “आता याचे कान पाहा. डोळे उघडू नोको.”

“अवो वहिनी, हे काय लावलं?” शामराव कळवळला. “पयले पाहून गेला, आता चाचपून राह्यला. पुढच्या खेपेले उचलून नेईन काय?”

मी चाळीस वर्षांत हजार कान काढले असतील. त्या दिवशी पहिल्यांदा समजलं की कानाची पाळी गार असते आणि वरची कड गरम. हनुवटीखाली हाडाला एक खाच असते. हे सगळं डोळ्याला दिसत नाही असं नाही, पण डोळा घाईत असतो.

त्या दिवशी मला आईची भिंत आठवली. बोट फिरवत शाळेला जायचो ती. एवढी वर्षं ती माझ्या बोटातच होती आणि मी पाटी लावून बसलो होतो.

मी रंग खरवडून टाकला. सगळा. गालाची माती ओली केली आणि तिच्यात ज्वारीचे दाणे दाबून दाबून काढले, तेव्हा देवीचे वण आले. सदऱ्याच्या गळ्याला कौसाबाईनं देवरावच्याच जुन्या धोतराची पट्टी दिली. भुवयांना पऱ्हाटीची साल, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडाची, उकलून तिचे तंतू. सगळं झालं, मिशी राहिली. त्यासाठी थांबावं लागलं, कारण फरदड संक्रांतीनंतर येते. कपाशीच्या चांगल्या वेचण्या संपल्यावर झाड न उपटता ठेवलं, की त्याला उशिरा जो शेवटचा कापूस लागतो ती फरदड. आखूड, पिवळट, वाळक्या पत्तीनं भरलेली. व्यापारी तिच्याकडे पाहून नाक मुरडतो.

फाल्गुनात एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या वावरात गेलो. म्हटलं, “फरदड पाह्यजे. खराबातली खराब.”

तो पाहातच राहिला. “पेंटर, या वर्षी कोनी चांगला कापूस मागून नाही राह्यलं, अन् तुले फरदड?”

“मिशी कराची हाये.”

“तुही?”

“देवरावची.”

“जिनमधल्या? त्याची तं अशीच होती बे!” असं म्हणून तो स्वतः उठला आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या झाडावरून मूठभर वेचून दिली. डोळे मिटून मी ती अंगठ्यानं ओढून पाहिली. तुटली. बरोबर होती.

इथे एक सांगून टाकतो. कौसाबाई आता नाही. ते चित्र उमरखेडला तिच्या मुलीकडे आहे. घरात येणारा प्रत्येक जण त्याला हात लावतो, म्हणून मिशी झिजते, आणि दर फाल्गुनात मुलीचा निरोप येतो, ‘काका, मिशी बदलून द्या.’ मी एस.टी.नं जातो, पिशवीत मूठभर फरदड घेऊन. त्यानंतर मी अशी पुष्कळ चित्रं केली. कोळशाची केली, बारदान्याची केली, पऱ्हाटीच्या काड्यांची केली. शहरातून शिकलेली माणसं येऊन पाहून गेली. एकानं विचारलं, “तुमच्यावर कोणाचा प्रभाव आहे?” मी म्हटलं, आई, हबीब उस्ताद, बायकोच्या माहेरच्या कोठ्या, कौसाबाई अन् एक बकरी. त्यानं बकरी सोडून बाकी लिहून घेतलं.

तर फाल्गुनातल्या त्या दुपारी मी बोर्ड पुन्हा कौसाबाईच्या घरी नेला. दुसऱ्या डोळ्यातला उजेडही तोवर गेला होता. बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला आणि तिच्यासमोर पाटावर बसलो.

तिनं हात धुतले, पुसले. कपाळ. भुवया. डोळ्यांच्या खोबण्या. गालावर बोटं आली, वणांवरून एकदा गेली, परत आली, परत गेली. कान. डाव्या कानाची पाळी तिनं जराशी ओढली. मग मिशीवर.

तिची बोटं मिशीत थांबली. मग तिनं चिमटीनं फरदडीतली एक वाळकी पत्ती वेचून काढली आणि बाजूला फेकली. दुसरी काढली, फेकली. तिसरी. न पाहता, न थांबता, एका लयीत, जसं रोज संध्याकाळी दारात उभं करून काढत असेल.

माझ्या तोंडावर आलं होतं, बाई, उपटू नका, मिशी विरळ होईल. चाळीस वर्षांची सवय. मी दातानं ओठ दाबला.

“घरात यायच्या आधी झटकून येत जा म्हून किती खेपा सांगतलं याले,” ती म्हणाली. मला नाही, त्याला. “पत्ती पडून सारं पानी नासते मंग.”

आणि पुन्हा वेचू लागली. मी उठलो, चपला घातल्या. तिला माझ्या जाण्याचं भान नव्हतं आणि ते मला फार बरं वाटलं. मला कोणी अशी दाद कधी दिली नव्हती, पुढेही कोणी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी सुमनला अंगणात बोलावलं. पाट मांडला. म्हटलं, “बस इथं.”

“कायले?”

“बस तं.”

ती बसली. मी डोळे मिटले आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.

“अवो, काय लागलं तुमाले? लोकं पाहून राह्यले!”

“पाहू दे. हालू नोको.”

ती हलली नाही. कपाळ, नाक, गाल. हसू दाबत होती, ते गालात लागत होतं. उजव्या भुवईच्या वर, केसांच्या जवळ, एक जुनी खोक बोटाला लागली.

“हे कधी लागलं तुले?”

“लग्नाच्या आधीचं हाये. सहा वर्षांची होती तवाचं.”

मी डोळे उघडले नाहीत. सगळं पाहून होईपर्यंत उघडले नाहीत. मग उठलो, दुकानातली ती पाटी काढून आणली, उलटी करून जमिनीवर ठेवली, आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लावायला माती भिजवायला घेतली.